दूरदर्शन आणि बालमनावरील संस्कार
(वार्षिक मेळाव्यातील भाषण, जिंतूर)



दूरदर्शनाने मुले बिघडतात, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. आम्ही पुष्कळ वर्षे लहान मुलांस शिकविले. त्या अनुभवावरून दोन शब्द सांगण्याची परवानगी घेतो.

‘शक्तिमान’ ही मालिका दूरदर्शनवर 1997 ते 2005 या काळात होत असे. तीत दुष्टांचा पराभव होई आणि शेवटी मुलांस चार हिताच्या गोष्टी सांगितल्या जात. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु सोमवारी शाळेच्या पटांगणात आम्हांस काय दिसे? एक हात उंचावून गरगर फिरणारी मुले! शेवटचा उपदेश सांगणारा एखादाच निघे. पुढे शक्तिमान वाचवावयास येईल, या भाबड्या विश्वासाने मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा नायकाची भूमिका करणारे मुकेश खन्ना यांस, असे करू नका, म्हणून मुलांस बजावावे लागले.

असे का व्हावे? मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. मोठा माणूस एका बाहुल्यास मारतो, असे चित्र त्यांनी मुलांस दाखविले. मारणाऱ्यास शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्यांनी अनुकरण कमी केले. परंतु ‘पाहिलेले करून दाखवा, बक्षीस देऊ’ असे म्हणताच त्यांनीही इतरांइतकेच करून दाखविले. म्हणजे शिक्षेने कृती थांबली. शिकणे थांबले नाही.

म्हणून शेवटी दुष्टाचे पारिपत्य झाले, एवढ्यावर आपण निर्धास्त राहू नये. आजी गोष्ट सांगताना मध्येच थांबून ‘त्याने हे बरे केले का रे?’ असे विचारी. पडदा हा प्रश्न विचारीत नाही. तो आपण विचारावयाचा आहे. आता तर मोबाईलमुळे मूल कोपऱ्यात एकटेच पाहत बसते, तेव्हा ही गरज अधिकच वाढली आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत कोणासही सवड नसते, हे आम्ही जाणतो. तथापि दिवसाकाठी एक तरी कार्यक्रम मुलाजवळ बसून पाहावा आणि त्याविषयी त्याच्याशी बोलावे. सालगड्याशी, शेजाऱ्याशी आपण कसे वागतो, हेही मूल पाहत असते, याचा विसर पडू नये.