वाळू, वारा आणि विमान
वसई-विरारच्या विद्यार्थी मित्रहो, अर्नाळ्याचा खारा वारा तुमच्या परिचयाचा आहे. अशाच वाऱ्याच्या आणि मऊ वाळूच्या शोधात राइट बंधू अमेरिकेतील किटी हॉकला गेले. प्रथम इंजिनाविना हवेत तोल साधला. मग १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल यांचे इंजिनयुक्त विमान १२ सेकंदांत सुमारे ३७ मीटर गेले. पाच साक्षीदार होते, छायाचित्रही आहे.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्येच गिरगाव चौपाटीवर विमान उडविले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. त्यास समकालीन खात्रीलायक पुरावा मात्र नाही. जुहूची हकीकत निराळी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथे उतरले. त्या टपालाची शिक्के उमटलेली पाकिटे आजही जतन केलेली आहेत.