पान वाढलं, भात कुठाय?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेलं भाषण)

अंदाजपत्रक वेळेत मंजूर झालं नाही, तर आमदारांचा पगार रोखावा का, असा आजचा विषय आहे. तो ऐकताक्षणी ज्यांना 'रोखावाच!' असं ओरडावंसं वाटलं, त्यांनी जरा दम धरावा. आज मी मुख्यतः त्यांच्याशीच बोलणार आहे. माझी नोकरी लेखा विभागात गेली. मार्च अखेरची बिलं मी जन्मभर पाहिली. तारीख गाठायची म्हणून माणूस कागदावर काय काय करू शकतो, याबद्दलची माझी मतं पक्की आहेत आणि आता या वयात ती हलायची नाहीत.

हा प्रयोग खरोखर झालेला आहे, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात. तिथलं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. विधानमंडळानं 15 जूनपर्यंत अंदाजपत्रक मंजूर करावं, असं तिथली राज्यघटना सांगते. पण ऐकतो कोण? मंजुरीला दोन तृतीयांश मतं लागायची, त्यामुळे मूठभर विरोधकही गाडं अडवून धरू शकत. आपल्याकडे अर्थसंकल्प पडला तर सरकार पडतं, ती धास्ती असते. तिथे गव्हर्नरही पडत नाही आणि आमदारही पडत नाहीत. मुदत संपेपर्यंत सगळे आपापल्या खुर्चीत. 2010 साली अंदाजपत्रकावर सही झाली 8 ऑक्टोबरला. म्हणजे नव्या वर्षाचा शंभरावा दिवस उजाडला होता.

त्याच्या आदल्या वर्षी तर तिजोरीतली रोकडच संपत आली. 2 जुलै 2009 पासून राज्याच्या कंट्रोलरनं, म्हणजे तिजोरीच्या हिशेबनीसानं, लोकांना पैशाऐवजी चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली. नाव भारदस्त, 'रजिस्टर्ड वॉरंट'. अर्थ एवढाच की तुमचे पैसे आम्ही देणं लागतो, ऑक्टोबरात या, वर पावणेचार टक्के व्याज देऊ. ज्यांना आयकराचा परतावा मिळायचा होता त्यांना चिठ्ठी, सरकारला माल पुरवणाऱ्याला चिठ्ठी. मोठ्या बँकांनी आठवडाभर त्या घेतल्या आणि मग खिडकी बंद केली. आता मला सांगा, हातात अशी चिठ्ठी आलेला माणूस आमदाराच्या पगाराकडे बोट दाखवणार नाही तर काय करणार? राग रास्तच होता. रागाशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नोव्हेंबर 2010 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन 25' मंजूर केलं. त्यात दोन गोष्टी होत्या. अंदाजपत्रकाला साधं बहुमत पुरेल, ही एक. आणि 15 जून उलटली की अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंतच्या दर दिवसाचा पगार आणि भत्ता बुडाला, ही दुसरी. बुडाला म्हणजे कायमचा. मागाहून थकबाकी म्हणूनसुद्धा मिळायचा नाही.

इथे मला लग्नघरचा आचारी आठवतो. यजमानानं त्याला बजावलं, 'बरोबर बारा वाजता पान वाढलेलं दिसलं नाही, तर तुझी मजुरी बुडाली.' आचारी हुशार. बाराच्या ठोक्याला पंगतीत पानं मांडलेली. वर मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, सगळं जागच्या जागी. उदबत्ती लावलेली, पाटाभोवती रांगोळीसुद्धा. यजमान खूश. पाहुणे बसले. आणि भात? भात अजून चुलीवर आहे, आधणाला नुकती उकळी फुटली आहे. पण अट काय होती? पान वाढायची. पान तर वाढलं! मजुरी द्या.

कॅलिफोर्नियात पहिल्याच वर्षी हेच झालं. 15 जून 2011. विधानमंडळानं त्या दिवशी अंदाजपत्रक मंजूर केलं, तारीख गाठली. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नकाराधिकार वापरून ते सबंध परत पाठवलं, आणि ब्राउन हे विधानमंडळात बहुमत असलेल्या पक्षाचेच! मग कंट्रोलर जॉन चँग पुढे आले. तेही त्याच पक्षाचे. त्यांनी आकडे मांडून पाहिले. खर्च 89 अब्ज 75 कोटी डॉलर, उत्पन्न 87 अब्ज 90 कोटी. म्हणजे 1 अब्ज 85 कोटींची तूट, आणि घटना तर म्हणते की अंदाजपत्रक तोंडमिळवणीचं हवं. 21 जूनला चँगनी जाहीर केलं की हे अंदाजपत्रकच नव्हे, सबब पगार बंद. माणशी दिवसाला सुमारे 400 डॉलर. एका सदस्यानं उघड तक्रार केली की आता घरची बिलं भरता येणार नाहीत, हे बायकोला आणि मुलीला मी कसं सांगू? हे वाचून ज्यांच्या हातात दोन वर्षांपूर्वी चिठ्ठी पडली होती, ते काय म्हणाले असतील ते मी आकाशवाणीवर बोलणार नाही.

चँगनी काय केलं? शितावरून भाताची परीक्षा. चिमटीत शीत घेऊन दाबलं आणि म्हणाले, कच्चं आहे. मला हा माणूस फार आवडतो. पण पुढे ऐका. आठवडाभरात, 28 जूनला, विधानमंडळानं नवं अंदाजपत्रक मंजूर केलं आणि पगार सुरू झाला. आता 'बघा, पगार अडवल्याबरोबर कशी अक्कल आली' असं म्हणणाऱ्यांनी हे नवं अंदाजपत्रक उघडून पाहावं. त्यात जमेच्या बाजूला 4 अब्ज डॉलर नवे दिसत होते. कुठून आले? अर्थव्यवस्था सुधारते आहे, तेव्हा येतील, या आशेवर. नाहीच आले तर आपोआप कपात होईल, असं कलम खाली जोडलेलं. पुरते काही ते आले नाहीत. डिसेंबरात सुमारे एक अब्जाची कपात झाली. शाळांच्या बसगाड्यांचे पैसे गेले, विद्यापीठांच्या अनुदानाला कात्री लागली. शाळकरी पोरांचा 15 जूनशी काय संबंध होता? पण भात कच्चा राहिला की उपाशी उठतात ती पंगतीतली माणसं. आचाऱ्याची मजुरी केव्हाच चुकती झालेली असते.

मी पुन्हा सांगतो, कारण हे कानावरून निसटतं. पगार अडवला की फार तर तारीख पाळली जाते. हिशेब पाळला जाईलच असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांना हवी असते दुसरी.

मग विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या पुढाऱ्यांनी काय केलं? सिनेटचे डॅरेल स्टाइनबर्ग आणि असेंब्लीचे सभापती जॉन पेरेझ कोर्टात गेले. प्रश्न पगाराचा नव्हता, अधिकाराचा होता. अंदाजपत्रक झालं की नाही, हे ठरवणारा कंट्रोलर कोण? 2012 मध्ये खालच्या कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि 2014 मध्ये अपील न्यायालयानं तो कायम केला. थोडक्यात, कोठी सांभाळणाऱ्यानं शीत दाबायचं नाही. भात शिजला की नाही, ते आचारीच सांगणार.

कायद्याच्या अंगानं तो निकाल मला पटतो, हेही कबूल करायला हवं. एका हिशेबनिसाच्या हाती सबंध विधानमंडळाचा पगार दिला, तर उद्या दुसरा कुणी तिथे बसेल आणि फक्त विरोधी पक्षाची शितं दाबेल. सत्तेची वाटणी म्हणून काही असतं की नाही! पण मग त्या पगाराच्या अटीत उरलं काय? ज्याचा पगार, त्यानंच सांगायचं की काम झालं. हजेरीपटावर स्वतःची सही स्वतःच करणारे कर्मचारी मी पाहिले आहेत. असो, त्यांची नावं आता कशाला.

तेव्हापासून कॅलिफोर्नियाचं अंदाजपत्रक एकदाही 15 जून चुकलेलं नाही. दरवर्षी वेळेवर! आणि तरी गव्हर्नरशी बोलणी पुरी झालेली नसतात, असं कितीदा तरी होतं. मग मुख्य विधेयक 15 जूनच्या आत मंजूर करायचं आणि जे खरं ठरेल ते मागाहून दुसऱ्या विधेयकानं घालायचं. त्या मागाहूनच्या विधेयकाला तिथली मंडळी 'बजेट बिल ज्युनियर' म्हणतात. बाप जूनमध्ये, पोर जूनअखेर, कधी आणखी उशिरा. शिवाय 'ट्रेलर बिलं' येतात ती वेगळी, धोरणाचे बदल त्यांतून होतात. अशा एखाद्या बिलात नाममात्र 1,000 डॉलरची तरतूद टाकलेली दिसते. हजार डॉलर! एवढ्या मोठ्या राज्याला हजार डॉलरनं काय होणार? पण खर्चाची तरतूद असली की ते अंदाजपत्रकाच्या पंगतीला बसतं, साध्या बहुमतानं लगेच लागू होतं. ज्यानं ही युक्ती काढली तो आमच्या विभागात असता तर फार वर चढला असता.

आणि कॅलिफोर्नियाबाहेर तारीख तरी गाठली जाते का? तीही नेहमी नाही. न्यूयॉर्क राज्यानं 1998 मध्येच कायदा केला की अंदाजपत्रक लांबलं तर आमदारांचा पगार थांबेल. त्याच कायद्यात पगार साडेसत्तावन्न हजार डॉलरवरून साडेएकोणऐंशी हजार केला, ही गंमत जाता जाता लक्षात ठेवा. तिथलं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. कायदा आल्यावरही 2004 सालचं अंदाजपत्रक ऑगस्टमध्ये मंजूर झालं. कारण तिथे पगार फक्त थांबतो, बुडत नाही. मंजुरी झाली की सगळा एकरकमी हाती. ज्याची वकिली चालते, ज्याच्या इमारती भाड्यानं दिलेल्या आहेत, त्याला चार महिने पगार नाही आला तर काय फरक पडतो? हाल त्याचे, जो फक्त पगारावर जगतो. आणि असा माणूस निवडून यावा म्हणून तर आपण एरवी गळा काढतो. हा मुद्दा मला जरा सविस्तर मांडायचा होता, पण काचेपलीकडून दोन बोटं वर झाली आहेत. दोन मिनिटं.

तर घाईनं वॉशिंग्टन. 2025 मध्ये 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर असं त्रेचाळीस दिवस, खर्चाला मंजुरी नाही म्हणून, तिथलं केंद्र सरकार बंद होतं. विमानांना वाट दाखवणारे नियंत्रक बिनपगारी कामावर, आणि काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांचा 1 लाख 74 हजार डॉलरचा वार्षिक पगार सुरू. मूळचे बेळगावकडचे, मिशिगनमधून निवडून गेलेले आपले श्री ठाणेदारही त्या संसदेत आहेत. त्यामुळे हा प्रश्न मराठी माणसाला अगदीच परका नाही. लोक चिडले, साहजिकच. पण तिथेही पगार अडवायचा प्रयोग 2013 मध्ये होऊन गेलेला आहे. अट अशी की प्रत्येक सभागृहानं 15 एप्रिलपर्यंत आपापला अंदाजपत्रकाचा ठराव मंजूर करावा, नाहीतर पगार वेगळा काढून ठेवू. लक्षात आलं का? आपापला! दोघांनी मिळून एक, असं नाही. दोन्ही सभागृहांनी मार्चमध्येच आपापलं पान वाढलं आणि मजुरी पक्की केली. दोन्ही पानं एकमेकांशी जुळली मात्र नाहीत, आणि त्याच ऑक्टोबरात सोळा दिवस सरकार बंद पडलं.

आमच्याकडचंही सांगतो. मार्च 2018 मध्ये लोकसभेनं गोंधळातच, चर्चेविना, गिलोटिन लावून, म्हणजे सगळ्या मागण्या एकदम मताला टाकून, अर्थसंकल्प संमत केला. पुढे सत्ताधारी आघाडीनं जाहीर केलं की वाया गेलेल्या तेवीस दिवसांचा पगार आमचे खासदार घेणार नाहीत. पगार सोडल्यानं न झालेली चर्चा परत आली का?

मग उपाय काय, असं तुम्ही विचाराल. माझ्या मते उपाय कॅलिफोर्नियातच आहे आणि त्याची कुणी आरती करत नाही. 2016 च्या नोव्हेंबरात मतदारांनी 'प्रपोझिशन 54' मंजूर केलं. कुठलंही विधेयक शेवटच्या मतदानाआधी 72 तास छापील आणि इंटरनेटवर लोकांसमोर असलं पाहिजे. बहात्तर तास! म्हणजे शीत दाबायला पंगतीतल्या कुणालाही मुभा. वर्तमानपत्रं दाबतात, शिक्षकांच्या संघटना दाबतात, विधानमंडळाचा सल्लागार असलेल्या लेजिस्लेटिव्ह ॲनॅलिस्टचं कार्यालय तर 1941 पासून हेच करत आलंय, कुठल्याही पक्षाची बाजू न घेता. पगार कापणाऱ्या कलमाला जेवढ्या टाळ्या पडल्या, त्याच्या निम्म्या तरी या बहात्तर तासांना...

एकच मिनिट. वॉशिंग्टनमध्ये पगार वेगळा काढून ठेवायचा म्हणजे काय, हे राहिलंच. तो कापता येत नाही, कारण अमेरिकेच्या घटनेची सत्ताविसावी दुरुस्ती. सदस्यांच्या पगारात बदल करणारा कायदा मध्ये एक निवडणूक झाल्याशिवाय लागू होत नाही. मांडली 1789 मध्ये, मंजूर झाली 1992 मध्ये, आणि तीही टेक्सासमधल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या एका विद्यार्थ्यानं चिकाटी धरली म्हणून. 1982 साली त्यानं या विषयावर निबंध लिहिला, तर शिक्षकांनी त्याला 'सी' श्रेणी दिली होती. त्या दुरुस्तीमुळे 2013 च्या कायद्यात पळवाट अशी ठेवली की पगार कापायचा नाही, फक्त एका खात्यात अडकवून ठेवायचा, आणि त्या काँग्रेसची मुदत संपली की सगळा परत द्यायचा. आता तो परतच द्यायचा असेल, तर अडकवला कशाला, हा माझा... बरं, लाल दिवा लुकलुकतोय.