संपादनाचे मोल कोण चुकविणार?
(सेलू येथील व्याख्यान)



सेलूहून वर्ध्याकडे निघाले की वाटेत धाम नदीच्या काठी पवनार लागते. विनोबांनी १९५९ साली तेथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. तेथील भगिनी शेतीत राबत, सूत कातीत आणि छापखानाही चालवीत. 'मैत्री' मासिकाचे संपादन त्यांचे, खिळे जुळविणेही त्यांचेच. बौद्धिक श्रम आणि शरीरश्रम यांत उच्चनीचता नसावी, हा विनोबांचा आग्रह होता. ग्रंथसंपादनाच्या व्यवसायाचा विचार या शेजारच्या गावापासून सुरू करणे म्हणूनच उचित होय.

संपादकाचे श्रम स्वभावतःच अदृश्य असतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली नसती तर 'गीता प्रवचने' हा ग्रंथच नसता. विनोबांनी आत्मचरित्रही लिहिले नाही. त्यांच्या विखुरलेल्या बोलण्यातून 'अहिंसा की तलाश' सिद्ध केले ते कालिंदीताईंनी.

आता व्यवहाराकडे वळू. छोट्या प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित वाचणारा, लेखकाची समजूत काढणारा, मुद्रिते तपासणारा, कागदवाल्याशी घासाघीस करणारा आणि प्रसंगी गठ्ठे बांधणारा माणूस बहुधा एकच असतो. कागद, छपाई, बांधणी, विक्रेत्याचे कमिशन, प्रत्येकाचे बिल येते. संपादनाचे बिल येत नाही. काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते. यात प्रकाशकाला खलनायक ठरविणे सोपे, पण अन्यायाचे आहे. आवृत्ती हजार प्रतींची, कधी त्याहूनही लहान. गुंतलेले भांडवल वर्षानुवर्षे मोकळे होत नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये मिळणारे अनुदान लांबले की वाचनालयांची खरेदी थांबते आणि त्याची झळ थेट या माणसाच्या पगाराला लागते.

येथे पवनारचा दाखला तोकडा पडतो. व्रत घेतलेल्यांनी वेतन न मागणे ही त्यांची थोरवी. परंतु व्रत हे वेतननीतीचे सूत्र होऊ शकत नाही. मराठीत एम.ए. झालेल्या शेतमजुराच्या मुलीला 'ही साहित्यसेवा आहे' असे सांगणे म्हणजे तिला दाराबाहेर ठेवणे होय. मग ज्यांच्या घरी दुसरी मिळकत आहे तेच संपादक होतात, आणि काय छापावे, कोणती बोली 'अशुद्ध' समजून खोडावी, हेही तेच ठरवितात. वर्धा-नागपूरकडच्या बोलीतला शब्द न अडखळता वाचणारा माणूस त्या टेबलाशी बसलेला असणे ही भाषिक न्यायाची बाब आहे.

वाचकांची चळवळ म्हणून उभ्या राहिलेल्या ग्रंथालीने १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' प्रसिद्ध केले. संघटित वाचक काय घडवू शकतो, याचा हा पुरावा. त्याच वाटेने पुढे जाता येईल. प्रकाशनपूर्व वर्गणीचे पत्रक काढताना कागद आणि छपाईच्या रकमेखाली संपादनाचीही रक्कम स्वतंत्र लिहावी. तालुक्यातील वाचनालये, शिक्षक संघटना आणि महाविद्यालये यांनी मिळून एका पुस्तकामागे पन्नास ग्राहक नोंदविणे अवघड नाही. आगाऊ आलेल्या त्या पैशातून पहिला हप्ता संपादकाला द्यावा, कागदवाल्याला नंतर. कागदवाला उधारीवर थांबतो. घरभाडे थांबत नाही.