ओढता की खाता?

मनोरुग्णाला वॉर्डात दाखल करताना खिशातलं सगळं काढून घेतात. काडेपेटी आणि बिडीचं बंडलही. ते योग्यच आहे. आगीचा धोका असतो आणि दवाखान्यात ओढायला कायद्याने बंदी आहे. पण बंडल जप्त केल्याने तलफ जात नाही. शेवटच्या बिडीनंतर काही तासांतच माणूस चिडचिडा होतो, येरझाऱ्या घालतो, रात्र रात्र जागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास सर्वांत जास्त असतो. मग आजारच बळावला असं समजून झोपेचं औषध वाढवलं जातं. मित्रहो, तलफ हा वॉर्डाच्या शिस्तीचा नाही, उपचाराचा विषय आहे, आणि तो उपचार पहिल्याच दिवशी सुरू झाला पाहिजे.

निकोटिनचा पॅच आणि च्युइंगम ही त्यावरची औषधं. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये त्यांना आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्या 2022च्या राष्ट्रीय यादीतही निकोटिन आहे. गम सावकाश चावायचा, चुरचुरलं की गालात धरून ठेवायचा आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. दात नसतील तर पॅच बरा. मनोरुग्णाची तंबाखू सोडवली तर तो बिघडेल, ही भीती घराघरांत आहे. 2016 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत 8 हजारांहून अधिक माणसं होती आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना मानसिक आजार होता, अर्थात स्थिरावलेला. पॅच घेणाऱ्यांत मानसिक त्रास लक्षणीय वाढला नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. क्लोझापिन आणि ओलान्झापिन या मानसिक आजारावरच्या गोळ्यांचा निचरा यकृत करतं. बिडीच्या धुरामुळे तो निचरा वेगाने होतो, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. ओढणं अचानक थांबलं की त्याच डोसात क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण आठवड्याभरात दीडपटीपर्यंत जाऊ शकतं. गुंगी येते, लाळ गळते, क्वचित झटकेही येतात. निचरा वेगाने होतो तो धुरामुळे, निकोटिनमुळे नाही. म्हणून पॅच लावला तरी डोसाकडे पाहावंच लागतं. उलटही घडतं. वॉर्डात बसवलेला डोस घेऊन पेशंट घरी येतो, पारावर पुन्हा बिडी पेटते, औषध कमी पडतं आणि आजार उलटतो. घरच्यांना वाटतं, गोळ्या चुकवल्या असतील.

आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे. 2016-17च्या पाहणीत महाराष्ट्रातली 3.8 टक्के प्रौढ माणसं ओढणारी होती, तर 24.4 टक्के मिश्री, गुटखा अशी बिनधुराची तंबाखू घेणारी. खाणाऱ्याला तलफ तेवढीच येते, पण त्याच्या गोळ्यांच्या निचऱ्यावर धुरासारखा परिणाम होत नाही. केसपेपरवर नुसतं 'तंबाखूचं व्यसन' लिहून भागणार नाही. ओढता की खाता, दिवसाला किती, शेवटची कधी, हे विचारलंच पाहिजे. बायकांनाही विचारा, मिश्री कुणी आपणहून सांगत नाही.

वाळव्यातून सांगली-मिरजेला पेशंट घेऊन जाणाऱ्यांनी ही माहिती डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता द्यावी. घरी आल्यावर बिडी सुटली किंवा पुन्हा लागली, तर गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावं. सोडायला मदत हवी असेल, तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.