कोळशाचा रस्ता कोणाच्या फायलीत असतो?

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. पण चंद्रपूर, घुग्घुस, माजरी, वणी या पट्ट्यातून जे ऐकतायत, त्यांना तो तसा वाटणार नाही. कोळसा भरायला रेल्वे साइडिंग होते, साइडिंगपर्यंत रस्ता होतो, आणि त्या रस्त्याची तपासणी नेमकी कोण करतं? आज एवढंच बोलायचंय.

आधी काम कसं चालतं ते बघू. खाणीतला कोळसा टिप्परमध्ये पडतो, टिप्पर रस्त्याने साइडिंगवर येतो, तिथे ढीग लागतो आणि लोडर तो वाघिणींत भरतो. एका रेकला साधारण ५९ वाघिणी असतात, कोळसा सुमारे ४,००० टन. आता टिप्परमागे २० टन धरा. एका रेकला २०० टिप्पर झाले. रोज दोन रेक भरायचे तर ४०० भरलेले जाणार, ४०० रिकामे परत येणार. एकूण ८००. सोळा तास वाहतूक चालली तर तासाला ५०, म्हणजे दर ७२ सेकंदांना एक टिप्पर. हा हिशेब कुठल्या एका साइडिंगचा नाही, समजायला मी मांडलाय. कारण कागदावर 'दररोज ८,००० टन' असं वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही. '७२ सेकंदांना एक' म्हटलं, की शाळेच्या फाट्यावर थांबलेलं पोरगं दिसतं.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या अंगाची. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली होती. त्यातून एक ठोकताळा निघाला, तो आजही वापरतात: आसावरचं वजन वाढलं, की रस्त्याचं नुकसान त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. सोप्या भाषेत सांगायचं तर वजन २० टक्के जास्त भरलं, की नुकसान जवळपास दुप्पट. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, पाणी मुरलं की तिची ताकद जाते. म्हणून भरलेले टिप्पर ज्या बाजूने जातात ती बाजू आधी खचते आणि रिकाम्यांची बाजू टिकून राहते. नकाशावर 'रुंदीकरण' लिहिलेलं असतं, पण खडीचा थर किती आणि कुठल्या वजनासाठी धरलाय, हे खरं विचारायचं असतं.

आता तपासणीकडे येऊ. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत कोळसा खाणी आहेत, वॉशरी आहेत, नवे राष्ट्रीय महामार्ग आणि राज्यमार्ग आहेत. साइडिंगला जाणारा चार-पाच किलोमीटरचा ग्रामीण रस्ता त्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. मग काय होतं? रस्ता बांधकाम विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे. साइडिंगची संमती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. वनजमीन आली तर वन विभागाकडे वेगळा प्रस्ताव. मोठ्या खाणीची मंजुरी दिल्लीत. प्रत्येक टेबलावर आपापला तुकडा बरोबरच असतो. पण धूळ, खड्डे आणि अपघात सगळे एकाच गावात येतात, आणि त्या गावाचं टेबल कुठेच नसतं.

तरी एक धागा हातात आहे. त्याच अधिसूचनेतल्या फॉर्म १ मध्ये प्रकल्पवाल्याला थेट विचारलंय: बांधकामात किंवा पुढे प्रकल्प चालू असताना नवी रस्ते वा रेल्वे वाहतूक होणार का? नवे किंवा बदललेले मार्ग लागणार का? म्हणजे रस्ता हा खाणीच्या फायलीचाच भाग आहे. मी असा अहवाल हातात घेतला की आधी हे उत्तर काढतो, आणि मग वाहतुकीच्या प्रकरणातले आकडे त्याच्याशी जुळतात का ते पाहतो.

खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी लागली, तर किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत बघायला ठेवावा लागतो, आणि सारांश मराठीत असावा लागतो. हे ३० दिवस फार मोलाचे आहेत. मांडवात माईक हातात आला की सगळेच तावातावाने बोलतात. ते बोलावंच. पण लेखी द्या, आणि पोच घ्या.

काय लिहायचं? भरलेले टिप्पर रोज किती आणि रात्री किती वाजेपर्यंत? आसावरचं वजन कुठे मोजणार? पुलियांची ताकद कोणी तपासली? साईडपट्ट्या किती रुंद? पाणी शिंपडणार म्हणता, तर ते कुठल्या विहिरीतून? त्या टँकरच्या फेऱ्या मोजल्या का? रस्त्याकडेच्या पऱ्हाटीवर काळी भुकटी बसली तर पंचनामा कोण करणार? आणि तीन वर्षांनी रस्ता फुटला तर दुरुस्ती कोणाच्या पैशाने?

सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, तिथे हात वर करून प्रकल्प पडत नाही. पण तुमचा प्रश्न नोंदीत आला, की अंतिम अहवालात त्याचं उत्तर द्यावं लागतं. पुढे मंजुरी मिळाली आणि ती पटली नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत ३० दिवसांची असते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत ती वाढवून मिळू शकते. तिथे हीच लेखी हरकत उपयोगी पडते.

आणि चंद्रपूरबद्दल एक आकडा लक्षात असू द्या. २००९ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात या भागाला ८३.८८ गुण होते, देशात चौथा क्रमांक. अशा ठिकाणी 'धुळीची थोडीशीच भर पडेल' हे वाक्य अहवालात दिसलं, तर तिथे पेन्सिलने खूण करा आणि विचारा: कशात भर?

तुमच्या गावातल्या रस्त्याचा असा कागद हाती लागला असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.