टायगरचा दुश्मन कुठं राहतो?

(भंडाऱ्यातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापलं आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं 'सिनेमा आणि आपण' असं भारदस्त काहीतरी छापलंय. मी एकाच पिच्चरवर बोलणार आहे. 'हिरोपंती २'. २९ एप्रिल २०२२ ला लागला आणि उताणा पडला. "पडलेल्या पिच्चरवर कायले बोलतं गा," असं मागच्या रांगेतला एक पोट्टा आत्ताच म्हणाला. ऐकलं मी. सांगतो कायले ते. पिच्चर पडला, टायगर श्रॉफ पडला नाही. सकाळी वैनगंगेच्या रेतीवर जा. पोलीस भरतीसाठी धावणारे पोट्टे धावून झालं की हवेत कोलांट्या मारतात. त्या कोलांट्या कोणाच्या, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या पोरांना हसणारे विद्वान मला पटत नाहीत. ज्याच्या बापाच्या नावावर सातबारा नाही, त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एक अंगच असतं. आपल्या बापजाद्यांचं अंग दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत वाकलं, दुसऱ्याची मेलेली ढोरं ओढत झिजलं. ते अंग पहिल्यांदा स्वतःसाठी कमवायचं, आरशापुढं उभं राहून खूश व्हायचं, यात मला काही वावगं दिसत नाही. टायगर जॅकी श्रॉफचा पोरगा, दार त्याला उघडंच होतं. पण ती उडी, ती लाथ त्यानं घाम गाळून कमावली. तेवढं श्रेय मी त्याला देतो. आणि म्हणूनच राग येतो. एवढं कमावलेलं अंग घेतलं, आणि लढायला समोर ठेवलं काय?

गोष्ट ऐका. लैला नावाचा एक जादूगार आहे, नवाजुद्दीन सिद्दीकी. तो कॉम्प्युटरवर बसून लोकांची बँकेतली खाती लुटणार आहे. बबलू, म्हणजे आपला टायगर, हॅकर. सरकारी यंत्रणा त्याला लैलाच्या मागावर सोडते. मग परदेशातले रस्ते, उडणाऱ्या मोटारी, काळे चष्मे. दिग्दर्शन अहमद खानचं, पैसा साजिद नाडियादवालांचा, संगीत ए. आर. रहमानचं. रहमानसारखा माणूस असून बाहेर पडताना एक चाल ओठांवर राहत नाही, याला काय म्हणावं!

हेरगिरीच्या गोष्टीला एक साधी अट असते. पकडला गेला तर हा मरेल, अशी धाकधूक बघणाऱ्याच्या पोटात पाहिजे. बबलूला मरणाची भीती नाही, कारण लिहिणाऱ्यानं त्याला मरू देणार नाही असा शब्द दिलेला आहे. पन्नास जण बंदुका घेऊन येतात. गोळीला त्याची ओळख असावी, ती बाजूनं निघून जाते. भांगसुद्धा विस्कटत नाही. जिथं मार लागतच नाही तिथं मारामारी कसली? ती कवायत झाली.

आणि तो लैला. त्याला बायकी हातवारे दिलेत, कशासाठी तर त्याची किळस यावी, पब्लिकनं फिदीफिदी हसावं. आपल्या झाडीपट्टीत दंडारीत पुरुष बाईचं सोंग घेतो, रात्र जागवतो आणि गाव त्याला नावानं ओळखतं. नवाजुद्दीनसारख्या नटाला बोलावून त्याच्याकडून एवढंच करून घ्यायचं, म्हणजे तलवारीनं कांदे चिरणं झालं.

आता त्या बँकखात्यांकडं या. लुटीचा विषय निघालाच आहे, तर आपल्यातल्या कोणाला त्यातलं कळत नाही? माझ्या दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती खात्यावर आली तेव्हा माझं तिसरं वर्ष संपून गेलं होतं. मधल्या काळात फी थकली म्हणून कॉलेजनं माझा दाखला दाबून ठेवला. इथं कोणी लैला नव्हता. खिडकीमागं चष्मा लावलेला एक कारकून होता आणि तो "वरून आलं नाही" म्हणायचा. हे वर म्हणजे कुठं, ते शोधायला एखादा हेर सोडायला हरकत नव्हती.

आणखी मोठा हिशेब घ्या. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडं वळवले. खात्याच्या मंत्र्यानंच जाहीर नाराजी दाखवली. सरकार म्हणतं, अनुसूचित जातीच्या बहिणींनाच दिले. माझी आईही त्या यादीत आहे, मी कशाला नाही म्हणू? पण बहिणीला ओवाळणी घालायला भावाच्या वह्यापुस्तकांचे पैसे का काढता? तिजोरी तुमची लहान आहे काय? हे कोणी रात्री पासवर्ड फोडून केलं नाही. दिवसाढवळ्या, कागदावर, सहीशिक्क्यानं झालं. असल्या लुटीवर कोणी पिच्चर काढत नाही. त्यात मोटार उडवायला जागाच नाही ना!

माझं म्हणणं एवढंच आहे, की या पिच्चरनं टायगरला पत्ता नसलेला दुश्मन दिला. लैला कुठला, कोणाचा, कोणाच्या जोरावर उभा, काही कळत नाही. आपल्या दुश्मनाला पत्ता असतो. इथून मोहाडी तालुका किती लांब? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारणारे त्याच गावात राहत होते. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ ला सहा जणांना फाशी सुनावली, नागपूर खंडपीठानं २०१० ला ती २५ वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. अॅट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडं लागला नाही. म्हणजे माणसं मेली ते कबूल, जात कबूल नाही. पिच्चरवाले तरी याहून वेगळं काय करतात?

टायगरचा पहिला 'हिरोपंती' आठवा. २३ मे २०१४. तोही तेलुगू पिच्चरवरून उचललेला. पण त्यात निदान गाव होतं, पोरीच्या प्रेमावर पहारा ठेवणारा जाट चौधरी होता. भीती खरी होती, हे मी मान्य करतो. शेवटी बाप विरघळतो आणि पोरगी मिळते, हे मात्र खोटं. तो लागण्याच्या पंचवीस दिवस आधी, २८ एप्रिलला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या नितीन आगेला मारलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा त्याचा गुन्हा. साक्षीदार फिरले आणि २०१७ ला खटल्यातले आरोपी सुटले. तिथं कोणाचा बाप विरघळला नाही.

आणि आणखी एक शुक्रवार. २९ एप्रिल २०१६ ला टायगरचा 'बागी' लागला आणि त्याच दिवशी नागराज मंजुळेंचा 'सैराट'. 'बागी'तला हिरो पोरीला सोडवायला थेट बँकॉकला जातो आणि एकटा अख्खी इमारत झोडपून काढतो. परश्याला कोलांटी येत नाही. तो विहिरीत सूर मारतो आणि प्रेमात पडतो. त्याचा दुश्मन आर्चीच्या घरातला आहे, म्हणून पिशवीतून भेटवस्तू घेऊन आलेल्या पाहुण्यांना बघून आपल्या पोटात गोळा येतो. बंदूक नाही, बॉम्ब नाही, चहा ठेवलेला आहे. हेरगिरीच्या सगळ्या पिच्चरांत मिळून मला एवढी भीती वाटलेली नाही.

'हिरोपंती २' बरोबर सहा वर्षांनी त्याच तारखेला आला. मधल्या सहा वर्षांत टायगरचे दंड वाढले आणि गोष्टीतलं गाव, घर, बाप, पोरगी सगळं गळून गेलं. उरला लॅपटॉप.

तर पुढच्या रविवारी संध्याकाळी विहाराच्या आवारात पहिला 'हिरोपंती' आणि 'सैराट' लागोपाठ लावतो आहोत. प्रोजेक्टरचं भाडं वर्गणीतून निघालंय. रेतीवर कोलांट्या मारणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसायचं. येताना प्रत्येकानं एक पानभर गोष्ट लिहून आणायची: टायगर भंडारा स्टँडवर एस.टी.तून उतरला, पुढं काय? मघाशी मागून बोललास ना, तुझी आधी वाचू.