छप्पर नसलेले चित्रगृह

(बालाघाट येथे मराठी भाषकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आज मी 'ड्राइव्ह-इन थिएटर' या विषयावर बोलणार आहे. मोटारीत बसून उघड्यावर सिनेमा पाहायची जागा, ती ही. भाषेच्या मेळाव्यात तिचे काय काम, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. त्यामुळे आधी रीत मांडतो, उत्तर शेवटी.

मी पहिला मराठी चित्रपट उलटा पाहिला. आम्ही भरवेलीच्या बाजूला राहायचो, वडील खाणीत कामाला होते. १९७६ च्या आसपासची गोष्ट असेल. गणपतीचे दिवस होते. वसाहतीच्या मैदानात दोन बांबूंमध्ये पांढरा पडदा ताणला होता. आम्ही पोहोचलो तोवर पुढची सगळी जागा चटया आणि पोत्यांनी भरून गेली होती. बाबा म्हणाले, "चाल, मांगून पाहू. तिकडं जागा हाये." पडद्यामागून चित्र दिसते, फक्त डाव्याचे उजवे होते. चित्रपट होता 'पिंजरा'. नावाची अक्षरे उलटी आली आणि बाबांनी ती मला उलटीकडून वाचायला लावली. बालाघाटच्या टॉकीजमध्ये लागायचे ते हिंदी सिनेमे. मराठी म्हणजे घरातली, गणपतीतली किंवा गोंदियाकडच्या पाहुण्यांची भाषा. ती एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या माणसांपुढे बोलली जाते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

पुढे नोकरीत असताना ड्राइव्ह-इनबद्दल वाचले, तेव्हा हेच मैदान आठवले. त्याची सुरुवातही अशीच झाली होती. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या गृहस्थाने आपल्या घराच्या आवारात झाडांना चादर बांधली, मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला आणि आवाज कसा येतो ते पाहायला चादरीमागे रेडिओ लावला. पुढच्या मोटारीमुळे मागच्यांना दिसत नाही, हे लक्षात आल्यावर त्याने चाकांखाली ठोकळे देऊन पाहिले. त्यातूनच चढत्या-उतरत्या रांगांची रचना निघाली. ६ जून १९३३ रोजी कॅमडेन येथे त्याचे चित्रगृह सुरू झाले. दर मोटारीमागे २५ सेंट आणि माणशी २५ सेंट. आधी आवाजासाठी पडद्याजवळ मोठे भोंगे होते, शेजारपाजारचे वैतागले. मग प्रत्येक मोटारीसाठी छोटा स्पीकर आला आणि कालांतराने मोटारीतल्याच एफएम रेडिओवर आवाज मिळू लागला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चार हजारांहून अधिक चित्रगृहे होती. आज तीनशेच्या आसपास उरली आहेत.

ती का गेली? टीव्ही आला, व्हिडिओ आला, हे खरेच. पण आता माझे गणित ऐका. चित्रगृहातली एक खुर्ची, पाय ठेवायच्या जागेसह, साधारण दहा चौरस फूट घेते. एक मोटार नुसती उभी राहिली तरी शंभर चौरस फुटांहून अधिक जागा खाते, आणि येण्याजाण्याचा रस्ता वेगळा. बंद चित्रगृहात दिवसाला चार खेळ होतात. उघड्यावर अंधार पडल्याशिवाय सुरुवात नाही, म्हणजे एक खेळ, फार तर दोन. आपल्याकडे पावसाळ्याचे महिने तर बेभरवशाचेच. जमीन भरपूर आणि उत्पन्न थोडे, असा हा धंदा. म्हणून तो गावाबाहेर, स्वस्त जागेवर सुरू होतो. गाव वाढत त्याच्यापर्यंत येते आणि मग सिनेमापेक्षा त्याखालची जमीन जास्त मोलाची ठरते.

मुंबईचे उदाहरण आपल्या जवळचे. वांद्रे पूर्वेला सत्तरच्या दशकात ड्राइव्ह-इन सुरू झाले. पुढे त्याच परिसरात वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, मोठमोठी कार्यालये आली. २००३ मध्ये ते चित्रगृह बंद झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच भागात पुन्हा ड्राइव्ह-इन आले, पण एका मॉलच्या गच्चीवर. तिथे सुमारे २९० मोटारींची सोय आहे. जमीन परवडेनाशी झाली म्हणून चित्रगृह गच्चीवर चढले.

याउलट अहमदाबाद पाहा. तिथले 'सनसेट' ड्राइव्ह-इन १९७३ मध्ये सुरू झाले आणि त्याने पन्नाशी गाठली. सहाशेहून अधिक मोटारी मावतील एवढे मैदान. शहर तिथेही वाढले. इतके, की ज्या रस्त्यावरून तिकडे जायचे त्याचे नावच ड्राइव्ह-इन रोड पडले. मग ते टिकले कसे? मालकाचे धोरण, जमिनीचा हिशेब, ही कारणे असतीलच. मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. लोक तिथे गाद्या, चादरी, घरचे डबे घेऊन जातात आणि मोटारीबाहेर पथारी पसरून सिनेमा पाहतात. मोटार नसलेल्यांनाही तिथे जागा आहे. शहराला ती जागा आपली वाटते, ती यामुळे.

२०२० च्या साथीत चित्रगृहांना कुलपे लागली, तेव्हा जगभर ड्राइव्ह-इनची पुन्हा आठवण झाली. आपल्या राज्यातही २०२१ मध्ये पर्यटन महामंडळाने भोपाळला असे चित्रगृह सुरू केले. पण मोटारीच्या काचा वर करून, ज्याचा तो आपापल्या रेडिओवर ऐकत असेल, तर त्याला मेळा म्हणता येत नाही. आमच्या मैदानात एक हसला की दोनशे हसायचे. 'पिंजरा'तल्या मास्तरांची अधोगती सुरू झाली, तेव्हा पुढच्या रांगेतले आमचे गुरुजी मान खाली घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांच्यासमोर त्या सिनेमाचे नाव काढायची कोणाची हिंमत झाली नाही.

आता उत्तराकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. वैनगंगा आपल्याकडून भंडाऱ्याकडे जाते, तिला कोणी अडवले नाही. पण आपल्या मराठीला तेव्हापासून पक्की इमारत नाही. ती छप्पर नसलेल्या चित्रगृहासारखी आहे. गणपतीचा मंडप, लग्नातल्या पंगती, दिवाळीनंतर सीमेपलीकडे जाऊन पाहिलेले झाडीपट्टीतले नाटक, अशा उघड्या जागांवर ती जगली. आता घरात नातवंडे हिंदीत उत्तर देतात. माझीही देतात. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत सांगतात, आणि दोघांचेही अडत नाही. मला भीती वाटते ती याचीच.

मागच्या वर्षी आम्ही काही शेजाऱ्यांनी अंगणात चादर बांधली आणि एक मराठी चित्रपट लावला. एकतीस माणसे आली. त्यांत पोवारी बोलणारी होती, घरी फक्त हिंदी बोलणारीही होती. मध्यंतरात धाकट्या नातवाने मला विचारले, "आजोबा, काऊन रडून राह्यली ती?" हे 'काऊन' तो कुठे शिकला, मला माहीत नाही. मी शिकवले नव्हते. पण त्या अंगणात ते त्याच्या तोंडून निघाले.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली मंडळांना. सभागृह मिळेपर्यंत थांबू नका. वर्षातून दोन रात्री मैदानात पडदा बांधा, आणि मराठी नीट न येणाऱ्यांसाठी पुढची जागा राखून ठेवा. दुसरी विद्यार्थ्यांना. उघड्यावरच्या आणि तंबूतल्या सिनेमाची माणसे अजून आहेत. कोणी यंत्र चालवले, कोणी रिळांच्या पेट्या स्टेशनवरून आणल्या, कोणी भोंगा घेऊन गावोगाव हाळी दिली. त्यांच्याकडे बसा आणि त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत टिपून घ्या. ती बोली शुद्ध करू नका.

आमच्या वसाहतीतल्या त्या मैदानावर आज घरे आहेत. बाबाही आता नाहीत. पण पुढे जागा नव्हती म्हणून ते परत फिरले नाहीत, मला घेऊन पडद्यामागे गेले. माझी मराठी तिथून सुरू झाली. एवढेच सांगायचे होते.